कस्टडी, डिटेन्शन, कन्फाइनमेंट : बेळगाव भागातल्या कागदांवर कोणता शब्द काय सांगतो

प्रश्न : पोलिसांनी नेलेल्या माणसाबद्दल कन्नड कागदावर ‘दस्तगिरी’ आणि ‘न्यायांग बंधन’, इंग्रजी ऑर्डरमध्ये ‘कस्टडी’ आणि ‘डिटेन्शन’, मराठी पेपरात ‘कोठडी’ आणि एखाद्या फिर्यादीत ‘राँगफुल कन्फाइनमेंट’ असं असतं. या सगळ्यांचा अर्थ ‘डांबून ठेवणं’ असाच घ्यायचा का?

उत्तर : असा घेऊ नका. माणूस घरी नाही, एवढंच घरच्यांना दिसतं, म्हणून सगळं एकच वाटतं. पण कागदावरच्या प्रत्येक शब्दामागे वेगळा अधिकारी, वेगळं कलम आणि वेगळी मुदत असते. शब्द चुकीचा समजला की अर्ज भलत्याच दारात जातो, नाहीतर दिवस मोजायला भलत्याच तारखेपासून सुरुवात होते. म्हणून डिक्शनरी उघडण्याआधी तीन गोष्टी विचारा : कोणाच्या हुकमाने ठेवलंय, कुठे ठेवलंय आणि किती वाजल्यापासून.

‘कस्टडी’ हा यातला सगळ्यात मोठा शब्द. अटक, लॉकअप, जेल हे सगळं त्याच्या पोटात येतं. माणसाची मोकळीक कायद्याने दुसऱ्याच्या हातात गेली की तो कस्टडीत. त्याला बेडी लागत नाही, गजांचं दारही लागत नाही. आरोपी वकिलाबरोबर कोर्टात येऊन उभा राहिला आणि कोर्टाच्या हवाली झाला, तरी तो कस्टडीत आला, असं सुप्रीम कोर्टाने १९८० साली निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर खरोटे या प्रकरणात सांगून ठेवलंय. याचा रोखठोक उपयोग आहे. नेहमीचा जामीन मागायला माणूस कस्टडीत असावा लागतो, पण त्यासाठी आधी स्टेशनात जाऊन अटक करून घ्यायची गरज नाही. कोर्टात सरेंडर होऊन त्याच दिवशी अर्ज देता येतो. अटकपूर्व जामिनाचं याच्या उलट : तो अटकेच्या आधीच मागायचा, अटक झाली की तो अर्ज निकामी होतो.

‘अरेस्ट’ ही घटना आहे, कस्टडी ही तिच्यानंतरची अवस्था. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या, जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या कलम ४३ प्रमाणे पोलिसाने अंगाला प्रत्यक्ष हात लावला किंवा अडवून धरलं की अटक होते, आणि माणूस बोलण्या-वागण्यातून स्वतः ताब्यात आला तर हात लावायचीही गरज नसते. आपल्याकडच्या स्टेशनांतून निघणाऱ्या कन्नड कागदात याला ‘दस्तगिरी’ म्हणतात. हा मूळ फारसी शब्द, हात धरणं या अर्थाचा, त्यामुळे कलमाशी चांगला जुळतो. दस्तगिरीचा मेमो हातात आला की तारखेपेक्षा आधी वेळ वाचा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते आणि अटक झालेल्याचीही सही लागते. रात्री नऊला नेलेला माणूस मेमोवर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ‘दस्तगिरी’ झालेला दिसला, तर चौदा तास कागदावरून गेले. सही करताना साक्षीदाराने आपल्या हाताने ‘काल रात्री ९ वाजता नेले’ अशी एक ओळ मराठीत लिहिली, तर पुढे तिचा उपयोग होतो.

कारण चोवीस तासांचं घड्याळ. घटनेच्या कलम २२(२) आणि संहितेच्या कलम ५८ प्रमाणे अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं; फक्त प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ त्यातून वगळतात. रविवार, सणाची सुट्टी यांची सवलत नाही. कोर्ट बंद असेल तर मॅजिस्ट्रेटच्या घरी हजर करतात. खानापुराहून बेळगावला यायला तासभर लागतो, त्यावर अर्धा दिवस वगळून मागता येत नाही. ‘चौकशीला बोलावलंय, सोडतो’ असं सांगून माणसाला बाकावर बसवून ठेवणं हे या घड्याळातून निसटायचं नेहमीचं दार आहे. चौकशीला बोलवायची रीत कायद्यात लिहिलेली आहे. संशयिताला कलम ३५(३) ची लेखी नोटीस, साक्षीदाराला कलम १७९ ची. महिला, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीच्या वरचा पुरुष, अपंग किंवा गंभीर आजारी साक्षीदार यांना स्टेशनात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जाऊनच विचारावं लागतं. नोटीस नाही, मेमो नाही, तरी माणूस बाहेर पडू शकत नाही, अशी स्थिती असेल तर तो कस्टडीतच आहे असं धरून चाला. स्टेशनात सीसीटीव्ही असणं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात सक्तीचं केलं आणि चित्रण १८ महिने, निदान एक वर्ष तरी ठेवायला सांगितलं. ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेपासूनचं चित्रण जपून ठेवावं’ असा अर्ज लगेच द्या आणि पोच घ्या. वेळ सिद्ध करायला याच्याइतकं पक्कं दुसरं काही नसतं.

मॅजिस्ट्रेटपुढे गेल्यावर कस्टडीच्या दोन वाटा होतात, आणि इथे मराठी ‘कोठडी’ घोटाळा करते. ‘पोलीस कोठडी’ म्हणजे स्टेशनचं लॉकअप, तपास अधिकाऱ्याच्या हाताखाली. ‘न्यायालयीन कोठडी’ मात्र कोर्टात नसते. तो माणूस हिंडलग्याच्या मध्यवर्ती कारागृहात किंवा तालुक्याच्या सबजेलमध्ये असतो. तिथे पोलिसांना वाटेल तेव्हा चौकशी करता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते. कन्नड ऑर्डरमध्ये हेच ‘न्यायांग बंधन’. मराठी डोळ्याला ‘बंधन’ म्हणजे नुसती अट वाटते. ‘बंधन घालून सोडलं’ असा अर्थ लावून घरचे जामिनाची वाट बघत बसतात आणि तिकडे गाडी हिंडलग्याला पोचलेली असते. ‘वश’ हा दुसरा फसवा शब्द. ‘वशक्के’ घेतलं म्हणजे ताब्यात घेतलं, आणि तो माणसालाही चालतो, जप्त केलेल्या मोटरसायकललाही. वाक्यात कर्म काय आहे ते बघूनच अर्थ लावायचा.

सीमेवर आणखी एक गंमत आहे. कोठडीत ठेवायच्या मॅजिस्ट्रेटच्या हुकमाला ‘रिमांड’ म्हणतात. कोल्हापूरकडचे वकील ‘पीसीआर’ म्हणाले तर ते पोलीस कस्टडी रिमांडबद्दल बोलतायत, ‘एमसीआर’ म्हणाले तर मॅजिस्ट्रेट कस्टडीबद्दल. कर्नाटकातल्या कोर्टात ‘पीसीआर नंबर’ म्हणजे खासगी फिर्यादीच्या रजिस्टरचा नंबर. तिथे कोणी कस्टडीत असेलच असं नाही. निपाणी किंवा चिक्कोडीच्या कोर्टातून आलेल्या समन्सवर ‘पीसीआर’ बघून कोल्हापूरच्या पाहुण्यांना फोन करू नका, ते उगाच घाबरवतील.

मुदतींचा हिशोब नीट समजून घ्या, कारण यात जुनी माहिती फार फिरते. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांतच मिळायची. नव्या संहितेच्या कलम १८७ प्रमाणे एकूण दिवस पंधराच, पण ते तुकड्या-तुकड्याने मागता येतात : साठ दिवसांच्या गुन्ह्यात (म्हणजे ज्यात चार्जशीटला साठ दिवस मिळतात) पहिल्या चाळीस दिवसांत, नव्वद दिवसांच्या गुन्ह्यात पहिल्या साठ दिवसांत. म्हणजे हिंडलग्याला गेलेला माणूस परत स्टेशनात आणला, तर ते आपोआप बेकायदा ठरत नाही. नव्वद दिवस कधी? फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे वा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तेव्हा. बाकीच्यांना साठ. तेवढ्यात चार्जशीट आलं नाही तर जामीन हा हक्क होतो, पण मोजणी अटकेच्या दिवसापासून करायची नाही. पहिल्या रिमांडचा दिवस धरून मोजायचं, हे २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात पक्कं झालं. समजा २८ फेब्रुवारीला संध्याकाळी अटक झाली आणि १ मार्चला पहिला रिमांड मिळाला. १ मार्च धरून ३१ दिवस मार्चचे, २९ एप्रिलचे. २९ एप्रिलला साठ भरले. ३० तारखेला कोर्ट उघडताच अर्ज आत गेला पाहिजे. अर्ज न देता ‘उद्या बघू’ म्हटलं आणि दुपारी चार्जशीट आलं, तर हा हक्क गेला. इथे खरोखर तासांचा खेळ असतो.

आता भाषेचा मुद्दा, जो आपल्या भागात सगळ्यात दुर्लक्षित आहे. अटकेची कारणं सांगणं कलम ४७ मध्ये आहेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की कुठल्याही कायद्याखालच्या अटकेत कारणं लेखी द्यायची आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची. तिथल्या तिथे लेखी देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण लेखी प्रत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजे. तसं झालं नाही तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा ठरू शकतात. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला कन्नड बोलायला येतं, बाजारहाट करता येतो, पण कन्नड लिपीतला कायद्याचा कागद वाचता येतोच असं नाही. ‘कन्नड येतं ना?’ असं विचारल्यावर तो भिडेपोटी मान डोलावतो आणि तीच मान कागदावर ‘समजावून सांगितले’ म्हणून उतरते. सही करताना ‘कन्नड वाचता येत नाही, मराठी प्रत मिळाली नाही’ एवढं मराठीत लिहायचं आणि पहिल्या रिमांडलाच मॅजिस्ट्रेटला तोंडी सांगायचं. नंतरच्या तारखेला हा मुद्दा काढला तर तो पुढे सुचलेला वाटतो. मुद्दा नवा नाही. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र शासन या नागपूरच्या प्रकरणात स्थानबद्धतेची कारणं नुसती इंग्रजीत दिली, हिंदी भाषांतर मागूनही दिलं नाही, एवढ्यावर सुप्रीम कोर्टाने ती स्थानबद्धता रद्द केली होती.

‘स्थानबद्धता’ म्हटलं की ‘डिटेन्शन’कडे यावं लागतं. हा शब्द दोन अंगांनी येतो. ढोबळ अर्थाने कुठल्याही रोखून ठेवण्याला डिटेन्शन म्हणतात. रिमांडच्या ऑर्डरमध्येही तो असाच सहज पडलेला असतो. काटेकोर अर्थाने मात्र ‘प्रिव्हेंटिव्ह डिटेन्शन’ : गुन्हा झाला म्हणून नव्हे, होऊ नये म्हणून ठेवणं. एप्रिल १९५० मध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली दिल्लीला यायच्या सुमारास सावरकरांना ताब्यात घेऊन बेळगावच्या तुरुंगात ठेवलं आणि जुलैत सोडलं. खटला नव्हता, शिक्षाही नव्हती. ते डिटेन्शन, त्याला ‘कारावासाची शिक्षा’ म्हणणं चूक आहे. आज हे राष्ट्रीय सुरक्षा कायदा १९८० किंवा कर्नाटकचा १९८५ चा कायदा, ज्याला सगळे ‘गुंडा अ‍ॅक्ट’ म्हणतात, यांखाली होतं. त्यात चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा नियम लागू नाही आणि नेहमीचा जामीन मागून उपयोग नाही. सल्लागार मंडळापुढे निवेदन आणि हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात हेबियस कॉर्पस (माणसाला कोर्टापुढे हजर करा, असं मागणारा अर्ज), अशी स्थानबद्धतेची वाट आहे. शिवाय कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस पुढच्या शिक्षेतून वजा होतात, स्थानबद्धतेतले होत नाहीत. ‘गडीपार’ हे आणखी वेगळं. महाराष्ट्रात ज्याला तडीपार म्हणतात ते. त्यात माणूस कुठेही कोंडलेला नसतो, फक्त जिल्ह्याबाहेर घालवलेला असतो.

आणि १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, किंवा बेळगावातल्या विधानसभा अधिवेशनाच्या वेळी मेळाव्याच्या जागेवरून कार्यकर्त्यांना गाडीत घालून नेतात आणि संध्याकाळी सोडतात, ते काय? पेपरात ‘अटक व सुटका’ छापून येतं, कन्नड कागदात ‘मुंजाग्रता क्रम’ असतं. याचा मुंजीशी काही संबंध नाही. ‘खबरदारीचा उपाय’ असा त्याचा अर्थ. नागरिक सुरक्षा संहितेचं कोणतं कलम आहे ते बघा. १७० असेल तर ती खबरदारीची का होईना, अटक आहे. १७२ असेल तर पोलिसांच्या सूचना न मानल्यामुळे तात्पुरतं ताब्यात ठेवणं आहे. दोन्हींत साधारण चोवीस तासांची मर्यादा. हा फरक पोरांना पुढे नोकरीच्या वेळी भोवतो. सरकारी भरतीच्या अटेस्टेशन फॉर्ममध्ये ‘अरेस्टेड’, ‘प्रोसिक्यूटेड’, ‘केप्ट अंडर डिटेन्शन’, ‘बाउंड डाउन’, ‘कन्व्हिक्टेड’ असे वेगवेगळे प्रश्न असतात आणि प्रत्येकाला हो-नाही लिहायचं असतं. १७० खाली नेलं असेल तर ‘अरेस्टेड’ला हो. तहसीलदारापुढे शांततेचा बाँड लिहून दिला असेल तर ‘बाउंड डाउन’ला हो. गुन्हा शाबित झाला नसेल तर ‘कन्व्हिक्टेड’ला नाही. ‘केस सुटली ना, मग सगळीकडे नाही लिही’ हा गल्लीतला सल्ला ऐकू नका. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, की महत्त्वाची माहिती दडवणं हेच नोकरी जायला पुरेसं कारण होऊ शकतं. ‘हो’ लिहून खाली क्राइम नंबर, कलम, तारीख आणि निकाल द्या. किरकोळ प्रकरण असेल तर अधिकारी ते सोडून देऊ शकतात, दडवलेलं मात्र सहसा सोडत नाहीत.

सीमेमुळे आणखी एक भाग. निपाणी कोर्टाचं वॉरंट कागलमध्ये बजावलं तर अंतर तीस किलोमीटरच्या आत, माणसाला थेट निपाणीला नेता येतं. कोल्हापुरात बजावलं तर आधी तिथल्या मॅजिस्ट्रेट किंवा पोलीस अधीक्षकांपुढे न्यावं लागतं. बोलीत याला ‘ट्रान्झिट’ म्हणतात. ती कस्टडी फक्त प्रवासापुरती. त्यात चौकशी उरकून घेणं अपेक्षित नाही. उलट बाजूने, चंदगडच्या माणसावर बेळगावात एफआयआर झाला तर महाराष्ट्रातलं सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्ट त्याला थोड्या मुदतीचा अटकपूर्व दिलासा देऊ शकतं. प्रिया इंदोरिया विरुद्ध कर्नाटक शासन, नोव्हेंबर २०२३.

आता ‘कन्फाइनमेंट’. वरचे शब्द बहुतेक सरकारच्या बाजूचे आहेत, हा शब्द फौजदारी कायद्यात कोणालाही लागतो. ‘राँगफुल रिस्ट्रेंट’ म्हणजे ज्या दिशेला जायचा हक्क आहे ती वाट अडवणं. ‘राँगफुल कन्फाइनमेंट’ म्हणजे चारी बाजूंनी कोंडणं. शेताच्या बांधावरची वहिवाट अडवली, माणूस परत फिरू शकतो : रिस्ट्रेंट, भारतीय न्याय संहितेचं कलम १२६, एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फाउंड्रीच्या खोलीत कामगाराला घालून बाहेरून कडी लावली : कन्फाइनमेंट, कलम १२७, एक वर्षापर्यंत. तीन दिवस किंवा जास्त ठेवलं तर तीन वर्षांपर्यंत, दहा दिवस किंवा जास्त ठेवलं तर पाच वर्षांपर्यंत आणि निदान दहा हजार दंड. कुलूप लागलंच पाहिजे असं नाही. दारावर काठीवाले बसवले आणि बाहेर पडलास तर मारू म्हटलं, तरी कोंडणंच. ऊसतोडीच्या टोळीला ‘उचल फेडल्याशिवाय जायचं नाही’ म्हणून फडावर अडकवून ठेवतात, तिथे हे कलम लागतंच, शिवाय वेठबिगारीविरोधी १९७६ चा कायदाही. ग्रामपंचायतीला टाळं ठोकायच्या आंदोलनातही एक गोष्ट बघून घ्या : आत कर्मचारी असताना टाळं लावलं की आंदोलनाचं कलम बदलून १२७ होतं, आणि व्हिडिओ तुमच्याच लोकांनी काढलेला असतो.

कोंडलेल्याला सोडवायला एफआयआरची वाट बघायला नको. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०० खाली प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट किंवा उपविभागीय मॅजिस्ट्रेट झडतीचं वॉरंट काढून माणूस बाहेर काढवू शकतात. आपल्याकडे उपविभागीय मॅजिस्ट्रेट म्हणजे एसी, असिस्टंट कमिशनर. म्हातारी माणसं अजून ‘प्रांत’ म्हणतात ते. अर्जात जागेचं नेमकं वर्णन, शेवटचं बोलणं कधी झालं आणि फोन कोणाच्या हातात आहे हे लिहा. ‘डांबून ठेवले आहे’ एवढ्या एका ओळीवर वॉरंट निघणं कठीण.

‘सॉलिटरी कन्फाइनमेंट’, एकांत कोठडी, ही शिक्षा फक्त कोर्ट देऊ शकतं आणि तीही सक्तमजुरीच्या शिक्षेबरोबर : एकूण तीन महिन्यांच्या वर नाही आणि एका वेळी चौदा दिवसांच्या वर नाही. जेलच्या अधिकाऱ्याने आपल्या मर्जीने कैद्याला तसं ठेवणं १९७८ च्या सुनील बत्रा निकालानंतर चालत नाही. ‘इम्प्रिझनमेंट’ म्हणजे निकालानंतरची कैद, साधी किंवा सक्त. ‘इनकार्सरेशन’ निकालपत्रांत दिसतो तो बहुधा आत काढलेल्या काळाबद्दल. कच्च्या कैद्यालाही लागतो, म्हणून त्याचं भाषांतर ‘शिक्षा’ करू नका. घटस्फोटाच्या कागदातली मुलाची ‘कस्टडी’ म्हणजे ताबा. तिथे कोठडी हा शब्द येताच कामा नये, तरी मशीनने केलेल्या भाषांतरांत तो सर्रास सापडतो.

शेवटचा अर्थ पोलिसांच्या वाऱ्यालाही नसलेला. उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईंच्या ईएसआय (कामगार राज्य विमा) फॉर्मवर ‘डेट ऑफ कन्फाइनमेंट’ दिसली तर दचकू नका. ते बाळंतपण. कायद्यातल्या व्याख्येत जिवंत मूल होणारी प्रसूती तर येतेच, पण गरोदरपणाचे २६ आठवडे उलटल्यावर झालेली प्रसूती मूल जिवंत नसलं तरी येते, आणि तिथेही प्रसूतीचा लाभ मिळतो. दवाखान्याच्या कागदावरचं ‘ईडीसी’ म्हणजे बाळंतपणाची अपेक्षित तारीख. फॉर्मच्या त्या रकान्यात दवाखान्यात दाखल झाल्याची तारीख घालू नका, मूल झालं ती घाला. या दोन तारखांच्या गोंधळात बरेच अर्ज परत येतात.